फेणीच्या नावाचा हिशेब द्या: गोवा सरकार आणि फेणी बाटलीबंद करणाऱ्या उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री आणि मा. अबकारी आयुक्त, गोवा राज्य,
तसेच ‘फेणी’ या नावाने बाटली विकणारे सर्व उत्पादक.

महोदय,

दरवर्षी काजूचा हंगाम सुरू होण्याआधी काजू झोनची (काजूच्या ठरवलेल्या पट्ट्यांची) पावणी म्हणजे लिलाव होतो, भट्ट्यांचे परवाने दिले जातात आणि ठरलेली रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होते. त्यानंतर मे अखेरपर्यंत डोंगरावर किती रस निघाला, त्यातून किती हुर्राक (पहिल्या फेरीची दारू) आणि किती फेणी उतरली, आणि वर्षभर दुकानांतून फेणी म्हणून किती बाटल्या गेल्या, या आकड्यांची एकमेकांशी गाठ घालून कोणी लोकांपुढे ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हे पत्र त्या हिशेबासाठी आहे.

२००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याचे ते पहिलेच मानांकन. २०१६ साली अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन फेणीला राज्याचे वारसा पेय म्हणून स्थान मिळाले आणि २०२१ साली स्वतंत्र फेणी धोरणही आले. कागदावर एवढे संरक्षण देशातल्या फार थोड्या गावठी पेयांच्या वाट्याला आले असेल, आणि ते मिळवण्यासाठी ज्यांनी खटपट केली त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला समोरच्या दोन बाटल्यांतली कोणती भट्टीवरची आणि कोणती मळीच्या स्पिरिटात वास मिसळून केलेली, हे ओळखायला या संरक्षणाचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून फेणी होते कशी, हे आधी तपशिलाने सांगतो. तक्रारी त्यातूनच समजतील.

फेणीसाठी बोंडू (काजूचे फळ) झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलाच उचलायचा. तोडलेल्या बोंडूत साखर कमी आणि तुरटपणा जास्त असतो, आणि तो तुरटपणा शेवटपर्यंत जात नाही. सकाळी वेचायचे, काजूबी पिळून वेगळी करायची आणि बोंडू त्याच दिवशी मळायचे. रात्रभर ढिगात राहिलेला बोंडू आतून तापतो, त्याला आंबूस वास सुटतो. कातळात कोरलेल्या कोळंबीत, म्हणजे कुंडात, पायाने मळण्याची रीत आहे. आता कुठे कुठे यंत्राने चिरडतात. त्याला आमचा विरोध नाही, पण यंत्र फार घट्ट लावले की साल आणि चोथा दोन्ही भरडले जातात, रस गढूळ होतो आणि तो गाळ पुढे भाणात (भट्टीवरच्या भांड्यात) खाली बसून जळतो. मळलेल्या चोथ्याचा ढीग करून त्याला वेलीने आवळतात आणि वर दगड ठेवतात. त्यातून रात्रभर ठिबकतो तो निरो. तो सकाळी येईल त्याला प्यायला मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत नाही, आणि डोंगर एकाचा असला तरी वेचणारे, मळणारे आणि भट्टीवर बसणारे हात शेजारच्या चार घरांचे असतात. फेणी एका माणसाचा धंदा कधीच नव्हती.

पायाने मळून निघालेला रस मातीच्या मोठ्या कोडंग्यात, आता बहुतेक ठिकाणी पिंपात, सुमारे तीन दिवस आंबतो. बाहेरचे यीस्ट नाही, पाणी नाही, साखर नाही. बोंडूच्या सालीवर आणि हवेत जे असते तेच काम करते. मार्चमध्ये तीन दिवस पुरतात, एप्रिलच्या उकाड्यात त्याआधीच फेस बसतो. फेस बसला की भट्टी लावायचीच. एक दिवस जास्त थांबलात तर रस शिरक्याकडे वळतो आणि मग कितीही वेळा भट्टीवर घातला तरी नाकाला झोंबणारा आंबटपणा उतरतोच. प्लॅस्टिकची पिंपे स्वस्त पडतात, पण नीट धुतली नाहीत की मागच्या घाणीचा वास पुढच्या सगळ्या रसाला लागतो.

भाण तांब्याचे असो वा मातीचे, सांधे रोयणीच्या मातीने लिंपतात. वारुळाची ही माती तापूनही चिरत नाही. सांध्याला बारीक चीर गेली तर वाफ तिथूनच निसटते आणि त्या वाफेतच सगळी कमाई असते. आग मंद ठेवावी लागते. घाईने लाकूड सारले की रस उसळून नळीत येतो, नाहीतर तळाला लागून जळका वास देतो. लावणीवर (वाफ गार होऊन जमते त्या भांड्यावर) सतत गार पाणी ओतायचे आणि पाणी कोमट झाले की बदलायचे. तांब्याच्या भाणाची आणखी एक काळजी आहे: आंबलेला रस आम्लधर्मी असतो, त्यामुळे भाण हिरवे पडू देता कामा नये. हंगामाच्या आधी आणि मधून मधून ते घासून लखलखीत करावे लागते.

पहिल्या फेरीत उतरतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा. त्यात आंबलेला रस ठरावीक प्रमाणात मिसळून पुन्हा भट्टीवर घातला की फेणी मिळते, ग्राव या ताकदीच्या मापाने १९ ते २०, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या घरात. पूर्वी मध्ये काजुलो नावाची दुसऱ्या फेरीची दारू काढून तिसरी फेरीही करत. आता बहुतेक भट्ट्या दोन फेऱ्यांवर थांबतात.

आता गणित. काजूच्या रसात साधारण १० ते १२ टक्के साखर असते. नैसर्गिकपणे आंबून त्यातून ५ ते ६ टक्के मद्यार्क तयार होतो. म्हणजे १०० लिटर रसातून ३० ते ३५ लिटर हुर्राक, आणि सगळेच फेणीपर्यंत नेले तर ११ ते १३ लिटर फेणी. यापेक्षा जास्त काढणे निसर्गाच्याच हातात नाही. ७५० मिलीलिटरच्या एका बाटलीला सुमारे सहा-सात लिटर रस लागतो, आणि तेवढ्या रसाला निदान १० ते १२ किलो बोंडू. मोजून पाहिलेत तर दीडशे-दोनशे बोंडू एकेक करून जमिनीवरून उचलावे लागतात. त्यात लाकूड आले, मजुरी आली, पावणीची रक्कम आली. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला की खाली पडलेला बोंडू पाणचट होतो, त्याच दिवशी सडायला लागतो आणि हंगाम तिथेच संपतो. दरात हे सगळे बसवलेले असते. ज्या दरात हे बसूच शकत नाही, त्या दराची ‘फेणी’ कुठून येते, हे अबकारी खात्याला विचारायचा आमचा हक्क आहे.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार भेसळीची आहे. ती दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात आंबणाऱ्या रसातच साखर किंवा गूळ टाकतात, वर पाणी आणि नवसागर घालून तो जोरात आंबवतात. रस थोडा आणि हुर्राक भरपूर. दुसऱ्यात भट्टीची गरजच नसते. मळीपासून किंवा धान्यापासून केलेल्या शुद्ध स्पिरिटात थोडी खरी फेणी वासापुरती मिसळतात, पाण्याने ताकद ४२.८ वर आणतात आणि बाटली भरतात. पहिला प्रकार काही भट्ट्यांवरच होतो आणि आमच्यातलेच लोक तो करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यावर कारवाई झाली तर आम्ही सरकारच्या बाजूने उभे राहू. दुसरा प्रकार मात्र मोठ्या प्रमाणावर बाटली भरणाऱ्यालाच परवडतो.

काचेचा ग्रावमापक या दोन्ही भेसळी पकडू शकत नाही, कारण तो फक्त ताकद मोजतो. अनुभवी नाक पुष्कळ काही सांगते, पण नाकाची साक्ष कोर्टात चालत नाही. चालेल अशी परीक्षा मात्र उपलब्ध आहे. ऊस आणि मका या वनस्पती हवेतला कार्बन ज्या पद्धतीने घेतात ती काजूच्या झाडाहून वेगळी आहे, आणि तो फरक मद्यार्कातही टिकून राहतो. कार्बनच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर मोजले तर उसाच्या साखरेपासून किंवा मळीपासून आलेला मद्यार्क उणे १० ते उणे १५ प्रति हजाराच्या आसपास दिसतो आणि काजूसारख्या झाडाच्या फळातला उणे २२ ते उणे ३० मध्ये. मिसळ असेल तर आकडा मध्येच कुठेतरी येतो आणि मिसळ किती याचा अंदाजही देतो. युरोपात वाइनमध्ये साखर घातली का, हे अशाच समस्थानिक चाचण्यांनी तपासतात. तांदळाच्या स्पिरिटाची भेसळ या चाचणीत सापडणार नाही, कारण भातही काजूच्याच गटातला. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीने एस्टर आणि जड मद्यार्कांचे प्रमाण बघावे लागेल. शुद्ध स्पिरिटात ते जवळजवळ नसतातच, भट्टीच्या फेणीत भरपूर असतात. दोन्ही चाचण्या मिळून फारच थोडी पळवाट उरते.

दुसरी तक्रार लेबलाची. दुकानातल्या बहुतेक बाटल्यांवर गाव नसते, हंगामाचे वर्ष नसते, भट्टी कोणाची याचा पत्ता नसतो. नारळाच्या झाडांची, मासळीची, जुन्या घरांची चित्रे मात्र असतात. काजूच्या फेणीवर माडाचे चित्र छापले की परगावचा माणूस गोंधळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. माडाची फेणी हे पूर्ण वेगळे पेय आहे. रेंदेर माडावर चढून सूर (माडी) काढतो, ती सूर आंबवून भट्टीवर घालतात आणि ती वर्षभर होऊ शकते. मानांकन काजूच्या फेणीला आहे, माडाच्या नाही. त्यामुळे माडाच्या फेणीच्या नावाने कोणी काहीही विकले तरी तिच्या पाठीशी हा कायदा नाही. रेंदेर आधीच कमी होत चालले आहेत. त्यांच्या पेयाचे नावही मोकळे सोडले तर माडावर चढायला कोण राजी होईल?

हुर्राकबद्दल थोडक्यात. तो हंगामाचा आहे. कमी ताकदीमुळे तो फार टिकत नाही, चव बदलत जाते. गणेशचतुर्थीनंतर ताजा हुर्राक म्हणून बाटली विकली जात असेल तर ती आत काय टाकून टिकवली, हे लेबलावर यायलाच हवे.

तिसरी गोष्ट कायद्याविषयी, आणि ती सरकारइतकीच बाटलीबंद उत्पादकांनीही ऐकावी. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मानांकनाचा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्यावर दुसऱ्याला देता येत नाही. २५ वे कलम मानांकन असलेले नाव कोणाच्या व्यापारचिन्हात नोंदवायला मनाई करते. खोटे मानांकन लावणाऱ्याला ३९ व्या आणि असा माल विकणाऱ्याला ४० व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात दात आहेत. पण ते वापरण्यासाठी कोणीतरी नमुना घ्यावा लागतो, कोणीतरी तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि मानांकनाच्या अर्जात उत्पादनाची जी पद्धत लिहिली आहे तिच्याशी ताडून पाहावा लागतो. मानांकनाचे नियमही अर्जदाराकडून निरीक्षण यंत्रणेचा तपशील मागतात. ती यंत्रणा फेणीसाठी कोण चालवते, वर्षाला किती नमुने तपासते आणि निकाल कुठे वाचायला मिळतात, हे एका पानावर लोकांसमोर ठेवावे. हे पान असेल तर आम्ही ते आनंदाने भट्टीवर चिकटवू.

अशाच एका पेयाचे दूर बव्हेरियात काय झाले, तेही सांगायला हवे. जर्मनीच्या ओबरफाल्झ भागात विंडिशएशनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्कनबर्ग आणि एस्लार्न या गावांत आजही गावाचे सामाईक ब्रूहाउस आहे. ज्यांच्या घराला बिअर गाळायचा जुना हक्क आहे ते आळीपाळीने तिथे लाकडाच्या आगीवर काढा उकळतात, वापराचे पैसे गावाला देतात, गार झालेला काढा घरी नेऊन आपापल्या तळघरात आंबवतात आणि तयार बिअर आपल्याच घरी लोकांना पाजतात. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर सहा टोकांचा तारा टांगला जातो. या बिअरला त्सॉइगल म्हणतात. नाव लोकप्रिय झाल्यावर मोठ्या कारखान्यांनी आपल्या बाटल्यांवर ‘त्सॉइगल’ छापायला सुरुवात केली, आणि ते नाव आता सगळ्यांचे होऊन बसले आहे. शेवटी सामाईक ब्रूहाउसवाल्यांना संघटना करून ‘सामाईक ब्रूहाउसवाल्यांचा खरा त्सॉइगल’ असे लांबलचक चिन्ह घ्यावे लागले. स्वतःच्याच पेयाच्या नावामागे ‘खरा’ लावायची पाळी त्यांच्यावर आली. २०१८ साली जर्मनीने या परंपरेची राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, पण नाव तोवर हातातून गेले होते. आपल्याकडे नाव अजून कायद्याने आपले आहे. त्याची राखण केली नाही तर उद्या आम्हालाही ‘भट्टीवरची खरी फेणी’ अशी पाटी लावावी लागेल.

सीमेपलीकडच्या दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या बागायतदारांशी आमचे भांडण नाही, हे इथे मुद्दाम लिहितो. तिकडचे बोंडू हजारो झाडांखाली सडून जातात, हे पाहून कोणाही काजूवाल्याला वाईट वाटेल. वेंगुर्ल्याच्या काजूला स्वतःचे मानांकन आहे. तिकडच्या बोंडूचेही पेय व्हावे, त्याला त्यांच्या मातीचे नाव मिळावे आणि त्याचा पैसा त्यांच्याच गावात राहावा. गोव्यातल्या भट्टीवाल्यांनी त्यासाठी जे शिकवायचे ते आम्ही शिकवू. फक्त त्या पेयाला फेणी म्हणू नये.

आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक परवानाधारक भट्टीला हंगामात एक साधी वही सक्तीची करावी. रोज किती डबे बोंडू आले, किती लिटर रस आंबायला घातला, हुर्राक आणि फेणी किती उतरली आणि कोणाला विकली, एवढेच त्यात असावे. बोंडू इथे आजही तेलाच्या जुन्या डब्याच्या मापाने घेतले जातात, तेव्हा हे कोणालाही जड जाणार नाही. झोन आणि भट्ट्या खात्याला आधीच माहीत असतात. फक्त वह्या गोळा करायच्या.

बाटली भरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने भट्ट्यांकडून विकत घेतलेली फेणी आणि बाजारात पाठवलेल्या बाटल्या यांचा ताळा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत खात्याला द्यावा आणि खात्याने तो जाहीर करावा. १०० लिटर रसामागे १३ लिटरपेक्षा जास्त फेणी कोणाच्या हिशेबात दिसली तर प्रश्न तिथूनच सुरू होईल. हा ताळा जमला तर बहुतेक भेसळ प्रयोगशाळेत जाण्याआधीच कागदावर पकडली जाईल, आणि सरकारला त्यासाठी एक पैसाही जास्त खर्चावा लागणार नाही.

नमुने दुकानातून आणि उपाहारगृहांतून, न सांगता घ्यावेत. भट्टीवर येऊन घेतलेला नमुना नेहमीच चांगला निघतो. त्यांची समस्थानिक आणि गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणी व्हावी. तुलनेसाठी आधी खात्रीच्या फेणीचे नमुने हवेत. ते वेगवेगळ्या तालुक्यांतून, मातीच्या आणि तांब्याच्या दोन्ही भट्ट्यांवरून, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, निरीक्षकासमोर काढून द्यायला आम्ही तयार आहोत. हा आधार नमुन्यांचा संच झाल्याशिवाय चाचणीचा कुठलाही आकडा कोर्टात टिकणार नाही, म्हणून हे काम येत्या हंगामातच व्हावे.

लेबलावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत याव्यात: काजूची की माडाची, हंगामाचे वर्ष, तालुका आणि भट्टीचा परवाना क्रमांक. दोन-तीन भट्ट्यांची फेणी एकत्र केली असेल तर तसे लिहावे, त्यात कमीपणा नाही. पण बाहेरचे स्पिरिट थेंबभर जरी असले तरी त्या बाटलीवर ‘फेणी’ हा शब्द, मोठा किंवा बारीक, कुठेही नको. त्या मालाला दुसरे नाव द्या आणि खुशाल विका.

लहान भट्टीवाल्यांना मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते होण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून घ्यावेत, मराठी आणि कोकणीत. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो, आणि डोंगरावरच्या माणसाला तो प्रवास आणि ती भाषा दोन्ही परवडत नाहीत. आज ज्याच्याकडे वकील आहे तोच मानांकनाचा लाभ घेतो. ते मानांकन ज्या पद्धतीवर उभे आहे, ती पद्धत राखणारे मात्र बाहेर राहतात.

माडाच्या फेणीसाठी स्वतंत्र मानांकनाचा अर्ज रेंदेरांना सोबत घेऊन करावा.

बाटलीबंद उत्पादकांना स्वतंत्रपणे एवढेच सांगणे आहे: तुमच्यातले जे भट्टीवरचीच फेणी भरतात, योग्य दर देतात आणि बाटलीवर गावाचे नाव छापतात, त्यांच्यामुळेच फेणी गोव्याबाहेरच्या चांगल्या दुकानांत पोचली आहे. वरच्या प्रत्येक नियमाचा पहिला फायदा तुम्हालाच होणार आहे. सरकारची वाट न पाहता येत्या हंगामाचा ताळा तुम्ही स्वतःहून जाहीर करा. आमच्या वह्या तुमच्या हिशेबाशी ताडून पाहायला आम्ही खुल्या ठेवू.

पुढच्या पावणीची तारीख जाहीर होण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, इतके स्पष्ट असले तरी पुरे.

आपले,
सत्तरी, डिचोली, सांगे आणि काणकोण भागांतील भट्टीवाले